क्वालिसची पुढची उजवी बाजू बसली आहे, टॉर्शन बारचा बोल्ट फिरवू का?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २००३ ची टोयोटा क्वालिस आहे, डिझेल. बाबांनी घेतली तेव्हा मी सातवीत होतो. चिपळूण-मुंबई भाडी मारून त्यांनी घर उभं केलं ते याच गाडीवर. २२ जुलै २०२१ च्या पुरात ती अंगणात उभी होती आणि पाणी डॅशबोर्डपर्यंत आलं. पाणी ओसरल्यावर सीटच्या खाली वीतभर चिखल होता. सगळ्यांनी भंगारात काढायला सांगितलं. बाबा तयार झाले नाहीत, मीही नाही. इंजिन उघडलं, वायरिंग नवीन केलं, पुढचं सस्पेन्शन एका गॅरेजमध्ये पूर्ण खोलून धुऊन परत बसवलं.

तेव्हापासून गाडी पुढून उजवीकडे कलते. सुरुवातीला मनाचे खेळ वाटले. पण आता समोरून बघितलं तर शेजाऱ्यालाही कळतं. उजवं पुढचं टायर आतल्या बाजूने खातंय. स्पीडब्रेकरवरून जाताना उजवीकडून धाडकन दणका येतो, डावीकडून येत नाही. स्टिअरिंग सरळ धरलं तर गाडी किंचित उजवीकडे ओढते.

तीन गॅरेजांत दाखवली. एकाने सांगितलं टॉर्शन बार (पुढच्या चाकाला स्प्रिंगसारखा पेलणारा पोलादी दांडा) गेला, भंगारातल्या गाडीचा बसवू. दुसऱ्याने सांगितलं खालचा बोल्ट चार फेरे टाइट करा, उचलेल. तिसरा म्हणाला जुनी गाडी आहे, चालवा तशीच. कोणाचं ऐकू? बाबांना आता गुडघ्यांमुळे बाकीच्या गाड्यांत चढता-उतरता येत नाही, हिच्यात येतं. म्हणून नीटच करायची आहे.

घाटवाट, सातारा

माझ्या टवेरालाही हेच झालं होतं. तिलाही पुढे टॉर्शन बारच आहेत. क्रॉसमेंबरमध्ये, म्हणजे चॅसीच्या आडव्या तुळईत, बोल्ट दिसेल, लॉकनट सैल करायचा आणि फिरवायचा. मी चार-पाच फेरे दिले, गाडी उचलली. अर्ध्या तासाचं काम. सस्पेन्शनही कडक झालं, वळणावर लोळत नाही आता. तुमचा दुसरा मेकॅनिक बरोबर सांगतोय.

फ्रंटएंड, कोल्हापूर

दादा, बोल्टाला अजून हात लावू नका.

मी उद्यमनगरात ३४ वर्षं पुढच्या सस्पेन्शनचंच काम केलं. सुरुवात अॅम्बेसेडरवर झाली. तिलाही पुढे टॉर्शन बारच, वरचा आर्म म्हणजे शॉकअपचाच हात, आणि किंग पिनला (चाक ज्या खुंटीवर वळतं ती) ग्रीस मारायचं विसरलात की महिन्यात चाक डुलायला लागायचं. नंतर क्वालिस, टवेरा, सुरुवातीच्या स्कॉर्पिओ या सगळ्यांचे बार हातातून गेले. एवढ्या वर्षांत खरोखर "गेलेला" बार मी फार थोड्या वेळा बघितला. बारच्या नावाने बदललेल्या गाड्या मात्र पुष्कळ बघितल्या, आणि गिऱ्हाइकाचे पैसे जाऊनही गाडी तशीच कललेली.

आधी हा बार काम कसं करतो ते बघा. ओली चादर पिळताना एकजण एक टोक घट्ट धरतो आणि दुसरा पिळतो. बारचं पुढचं टोक चाकाच्या आर्मला असतं, मागचं टोक अँकर आर्ममध्ये दात्यांनी अडकवलेलं असतं, आणि अँकर आर्मला तो बोल्ट धरून ठेवतो. चाक वर गेलं की बार पिळला जातो. आता लक्षात घ्या, गाडी उभी असताना बार किती पिळला आहे हे त्या चाकावर किती वजन आहे त्यावर ठरतं. बोल्ट फिरवून तुम्ही पिळ वाढवत नाही, चादरीचं मागचं टोक धरणारा हात तेवढा फिरवता. त्यामुळे गाडी वर येते. बार कडक होत नाही. तो कडक किती हे त्याची जाडी, लांबी आणि पोलाद यावर ठरलेलं आहे. जाडी १० टक्के वाढली तर कडकपणा जवळजवळ दीडपट होतो, बोल्टाने मात्र काहीच होत नाही.

घाटवाट भाऊ, तुम्हाला कडक वाटलं त्याचं कारण वेगळं आहे. गाडी उचलल्यामुळे चाकाला खाली जायला जागा कमी उरली. खड्ड्यात चाक खाली उतरायला बघतं आणि लगेच आर्म रबरावर आदळतो. तो धक्का तुम्हाला कडकपणा वाटतो. तुम्ही अलाइनमेंट करून घेतलं नसेल तर उद्याच करा, कारण गाडी उचलली की कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर झुकणं) आणि टो (चाकं पुढून आत-बाहेर वळणं) दोन्ही बदलतात आणि टायर दोन महिन्यांत खाऊन टाकतात. मी तुम्हाला नावं ठेवत नाही, गॅरेजवाल्यांनीच लोकांना ही सवय लावली आहे.

आता चिपळूणकर दादा, तुम्ही हे करा. सपाट जागा शोधा, खरोखर सपाट. पेट्रोल पंपावरची फरशी चालते, घरचं अंगण चालत नाही. चारी टायरांत हवा सारखी, गाडीत कोणी नाही, मागे सामान नाही. पुढचं बोनेट दोन्ही हातांनी तीन-चार वेळा दाबून सोडा आणि गाडीला आपोआप स्थिर होऊ द्या. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभं माप घ्या. चारही चाकांचं.

मग पुढचा क्रॉसमेंबर बरोबर मधोमध जॅकवर घ्या आणि दोन्ही पुढची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटेपर्यंत उचला. आता पुढची बाजू एका बिंदूवर तोललेली आहे आणि गाडी मागच्या पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) हिशेबाने उभी राहते. समोर चार पावलं मागे जा आणि बघा. अजूनही उजवीकडे कललेली दिसली तर दोष मागच्या पाट्यांत आहे, पुढे काहीही केलंत तरी उपयोग नाही. सरळ झाली तर दोष पुढे आहे. या परीक्षेला पैसे लागत नाहीत आणि ती न करता बोल्ट फिरवणारा मेकॅनिक आंधळेपणाने काम करतोय असं मी स्पष्ट म्हणेन. जॅकवर असताना गाडीखाली जायचं नाही.

शेवटी दोन्ही बाजूंच्या अँकर बोल्टांचे लॉकनटच्या बाहेर किती आटे दिसतात ते मिलिमीटरमध्ये मोजा. वायर ब्रशने घासून मोजा. ही दोन मापं मला सगळ्यात आधी हवी आहेत. बार भंगारातून आणायचा विषय बाजूला ठेवा, त्यावर नंतर बोलू.

बीटलवाला, पुणे

काकांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. माझ्याकडे जुनी फोक्सवॅगन बीटल आहे, तिच्या मागच्या चाकांना टॉर्शन बार आहेत आणि तिथे तर बोल्टच नाही. सगळं दात्यांवर. आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता सरकवला की कोन ९ अंशांनी बदलतो, बाहेरचा एक दाता साधारण ८ अंशांनी. एक पुढे आणि दुसरा मागे घेतला की फरक एका अंशापेक्षाही कमी उरतो. टॉर्शन बारची कल्पना पोर्शे यांच्या कार्यालयाने १९३१ मध्ये पेटंट केली होती आणि बारीक समायोजनाची ही युक्ती बीटलमध्ये आजही हाताने करता येते. मला पहिल्यांदा जमायला दोन रविवार लागले.

हे सांगायचं कारण असं की तुमचं सस्पेन्शन पुरानंतर खोललेलं आहे. खोलताना दात्यांवर खूण केली होती का? नसेल तर परत बसवताना एखादा दाता चुकला असण्याची दाट शक्यता आहे.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

काका, सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. पंपावर पहाटे साडेपाचला गेलो, तेव्हा तिथे कोणी नसतं. बाबाही आले, टेप त्यांनी धरला.

पुढे डावं ४६.८ सेंटिमीटर, पुढे उजवं ४४.३. मागे दोन्ही बाजूंना फरक ४ मिलिमीटर, उजवं कमी.

मधोमध जॅक लावून उचलल्यावर गाडी सरळ झाली. बाबा समोर उभे होते, ते म्हणाले, "आता बघ, पूर्वीसारखी दिसते."

बोल्टाचे आटे: डावीकडे ३० मिलिमीटर बाहेर, उजवीकडे ५८. उजवा नट जवळजवळ आट्यांच्या शेवटापर्यंत गेलेला आहे. म्हणजे उजवा बोल्ट आधीच खूप टाइट केलेला आहे आणि तरी गाडी खाली आहे. याचा अर्थ बार गेला असा होतो का? दात्यांवर खूण केली होती का ते त्या गॅरेजमध्ये विचारलं, त्यांना आठवत नाही.

फ्रंटएंड, कोल्हापूर

शाब्बास. आणि वडिलांना माझा नमस्कार सांगा.

३० आणि ५८ ही मापं वाचल्याबरोबर मला चित्र दिसलं. तुमचा बार गेलेला नाही. बार थोडा थकला तरी दोन बाजूंच्या बोल्टांत एवढा फरक पडत नाही. उजवीकडचा अँकर आर्म बसवताना एक दाता चुकीच्या जागी गेला आहे. बसवणाऱ्याने बघितलं गाडी खाली आहे, मग त्याने बोल्ट फिरवत फिरवत आटे संपवले, आणि जेवढी उचलली तेवढ्यावर गाडी तुमच्या ताब्यात दिली. आता तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकने आणखी चार फेरे दिले असते तर नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडकला असता आणि जोर केला की आटे सोलले असते. त्या नटावर गाडीच्या पुढच्या कोपऱ्याचा भार असतो. कुंभार्ली घाटात तो सुटला असता तर काय झालं असतं याचा मी विचारही करत नाही. बीटलवाल्या साहेबांनी नेमकं ओळखलं.

काम असं करायचं. ज्या गॅरेजमध्ये कराल तिथे हे वाचून दाखवा, आणि शक्य असेल तर उभे राहा.

गाडी चॅसीवर दोन्ही बाजूंनी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवायची, फक्त जॅकवर नाही. चाक पूर्ण खाली लटकलं पाहिजे म्हणजे बारमधला पिळ जेवढा सुटायचा तेवढा सुटतो. तरी थोडा उरतोच. म्हणून बोल्ट इम्पॅक्ट गनने भर्रकन काढायचा नाही. हाताच्या पान्याने, फेरे मोजत, तोंड आणि हात अँकर आर्मच्या रेषेतून बाजूला ठेवून. आर्म झटक्यात खाली येतो तेव्हा बोट मधे असेल तर बोट राहत नाही. माझ्या गॅरेजमधल्या एका पोराच्या हाताला मी ते बघितलं आहे, म्हणून दर वेळी सांगतो.

सोडण्याआधी बारवर आणि अँकर आर्मवर सफेद रंगाची एक सरळ रेघ मारा. त्या रेघेवरून किती दाते सरकवले ते कळेल. मग रबरी बूट मागे घ्या. पुराचा चिखल बुटात गेला असेल तर दात्यांत तो सिमेंटसारखा घट्ट झालेला असतो. रॉकेलने धुवा, मऊ ब्रश वापरा. दात्यांवर गंज किती आहे ते भिंगाने बघा. एक दाता सरकवा, ग्रीस लावून बसवा, बोल्ट डाव्या बाजूएवढा, म्हणजे ३० मिलिमीटरच्या आसपास आणा आणि गाडी खाली घ्या. माप डाव्याच्या जवळ आलं तर काम बरोबर झालं. उलट्या दिशेला सरकवला असेल तर गाडी आणखी खाली दिसेल, घाबरू नका, परत काढून दुसऱ्या बाजूला घ्या.

बारच्या दांडीवर पूर्ण लांबीभर हात फिरवा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. पिळाचा ताण बारच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो, आतल्या गाभ्यात जवळजवळ नसतो. म्हणून रंग उडून गंजाचे खड्डे पडले असतील, कोणी पाइप पान्याने पकडून ओरखडे काढले असतील, किंवा वेल्डिंगचा एखादा शितोडा पडला असेल, तर तिथूनच चीर सुरू होते. बारीक ओरखडा नखाला लागला तरी मला काळजी वाटते. रंग फक्त दिसण्यासाठी नसतो. तुमच्याकडे खारी हवा आहे आणि वर पुराचा गाळ, म्हणून रंग गेला असेल तर गंज बारीक पॉलिश पेपरने काढून रंग मारा. खड्डे नखात अडकण्याएवढे खोल असतील तरच बार बदलायचा.

आणि बदलायचाच झाला तर भंगारातला का नको, ते सांगतो. बारच्या टोकावर डावा-उजवा असं चिन्ह असतं. कारखान्यातच त्याला एका दिशेने जास्त पिळून ठेवलेलं असतं, त्यामुळे पुढे त्या दिशेने तो ताण सोसतो. उजवा बार डावीकडे बसवला तर तो उलट दिशेने पिळला जातो आणि लवकर खचतो किंवा तुटतो. भंगारातल्या दुकानात दोन्ही एकाच ढिगात पडलेले असतात, खुणा रंगाखाली गेलेल्या असतात. खूण वाचता येत नसेल तर तो बार घेऊ नका.

आता तुमचं टायर आतून खातंय आणि गाडी ओढते त्याबद्दल. बाजू बसली की कॅम्बर आत जातो, त्यामुळे काही अंशी टायर खाणं आहेच. पण पहार लावून लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) हलवून बघा. २० वर्षांचं रबर, त्यात पुरातलं डिझेल आणि गाळ. माझा अंदाज आहे की ते गेले असतील. बदलताना एक चूक जवळजवळ सगळीकडे होते. आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना टाइट करतात. चाक लटकलेलं असतं, रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली घेतली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. दोन महिन्यांत फाटतं, शिवाय गाडी चुकीच्या उंचीवर उभी राहते आणि सगळे परत बोल्टाकडे धावतात. म्हणून बुशाचे बोल्ट हवेत फक्त हाताने अडकवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, हलवून स्थिर करायची, आणि मग खाली जाऊन शेवटचा टाइट मारायचा. पिट (गाडीखाली उभं राहायचा खड्डा) असलेलं गॅरेज त्यासाठीच शोधा.

शेवटी अलाइनमेंट. उंची नक्की झाल्यावर, आधी नाही.

घाटवाट, सातारा

काका, मला हे माहीत नव्हतं. आज संध्याकाळी आटे मोजले. दोन्हीकडे सारखे आहेत, पण अलाइनमेंट केलेलं नव्हतं. उजवं टायर बाहेरून खायला लागलंय. शनिवारी करतो. उंची मूळ ठेवावी की एवढीच राहू द्यावी?

फ्रंटएंड, कोल्हापूर

मूळ उंचीवर आणा भाऊ. दोन्ही बोल्ट सारखे फेरे मागे घ्या आणि मग अलाइनमेंट.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

मंडळी, काम झालं. उशीर झाला कारण चिपळुणात पिट असलेलं गॅरेज मिळेना, शेवटी कराडला नेली. तिथल्या मेकॅनिकला काकांचा पूर्ण मजकूर मोबाइलवर वाचून दाखवला. तो वयाने माझ्याएवढाच आहे. बोल्टाच्या मापाचा भाग त्याने दोनदा वाचायला लावला.

उजवीकडचा रबरी बूट मागे ओढला तेव्हा आत पुराचा गाळ होता. ग्रीसमध्ये मिसळून वाळलेला, विटकरी रंगाचा. चार वर्षांपूर्वीचा. तो काढताना बाबा शेजारी उभे होते. त्यांनी तो चिमटीत घेतला, बोटांत चुरून बघितला आणि काही बोलले नाहीत.

एक दाता सरकवला. पहिल्या वेळी उलट्या बाजूला गेला, गाडी अगदी चाकाला टेकेल इतकी खाली आली. काकांनी आधीच लिहिलं होतं म्हणून घाबरलो नाही. दुसऱ्या वेळी बरोबर बसला. बारवर गंज होता पण नखाला खड्डा लागला नाही, पॉलिश पेपर मारून काळा रंग दिला. टोकावर चिन्ह दिसलं, उजवा बार उजवीकडेच आहे.

लोअर आर्मचे बुश दोन्हीकडे गेलेले होते, उजवीकडचं रबर तर स्लीव्हपासून सुटून फिरत होतं. नवीन टाकले. शेवटचा टाइट गाडी चाकांवर उभी करून पिटमधून मारला.

आताची मापं: पुढे डावं ४६.५, उजवं ४६.३. बोल्टाचे आटे डावीकडे ३१, उजवीकडे ३४. अलाइनमेंट झालं. गाडी सरळ जाते, स्पीडब्रेकरवर दणका नाही. येताना कुंभार्ली घाट बाबांनी उतरवला. त्यांनी पाच वर्षांत घाटात गाडी चालवली नव्हती. मी बाजूला बसलो होतो.

काका, ५०० किलोमीटर झाल्यावर परत मोजू का?

फ्रंटएंड, कोल्हापूर

हो, मोजा. नवीन बुश जरा बसतात, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होईल. डावा आणि उजवा यांच्यात पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तरच बोल्टाला हात लावायचा, आणि तेव्हाही लॉकनट सैल करून, चाक उचलून, अर्धा-अर्धा फेरा. बुटात पावसाळ्यानंतर एकदा ग्रीस बघा. आणि वडिलांना सांगा, पुढच्या वेळी कराडला आलात की कोल्हापूर तिथून लांब नाही.